धोंडू राऊळ टोपेकाला निघाला तेव्हा

धोंडू राऊळ बावन्न साली मेला, अशी त्याच्या गावच्या पोलीस पाटलाच्या दप्तरात नोंद होती. ती नोंद करायला तो स्वतः बापाबरोबर चालत गेला होता. तेव्हा तो वीस-एकवीस वर्षांचा होता आणि पुढे कधी हे निस्तरावं लागेल, असं दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

मेला होता तो त्याचा थोरला भाऊ जयवंत. जयवंत मुंबईत एका गिरणीत साच्यावर होता, म्हणजे मागावर कापड विणत होता. शिमग्याला गावी आला, तापाने फणफणला आणि देवाची पालखी दारात यायच्या आधीच गेला. मागे राहिली त्याची बायको जानकी, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली. आणि राहिला गिरणीचा पास. राऊळांच्या घरात रोख पैसा यायचा तो त्या पासावरच. एकाच्या पासावर दुसऱ्याने कामाला उभं राहणं त्या काळी गिरणीत नवीन नव्हतं. मामा गावी गेला की भाचा जायचा, भाऊ आजारी पडला की भाऊ. जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, साचे चालू राहण्याशी मतलब होता, तोंड कोण बघतो?

तेरावं व्हायच्या आतच बापाने ठरवलं, की पास मरता कामा नये. गिरणीने गावात चौकशी केलीच तर जयवंत जिवंत निघाला पाहिजे. पण घरात मयत झाल्याचं सगळ्या वाडीला ठाऊक होतं आणि दिवस साथीचे होते, तेव्हा कुणाचं तरी नाव लिहिणं भाग होतं. पाटील घरोब्यातला. त्याने टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "मगे कोणाचा नाव घालू?"

बापाने धोंडूच्या पाठीवर हात ठेवला. "ह्येचा घाल."

जानकीच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, हेही बापानेच सांगितलं. कागदावर तिचा नवरा मुंबईत कामाला होता ना.

तेव्हापासून धोंडू मुंबईत जयवंत झाला. गिरणीत जयवंत, रेशनकार्डावर जयवंत, नाहूरला चाळीत खोली घेतली तिच्या पावतीवर जयवंत. तीन वर्षांनी त्याचं मालनशी लग्न झालं. मालनला नावाचा प्रश्नच नव्हता, ती 'अहो' म्हणायची. गावी गेला की तो बोटीतून उतरता उतरता पुन्हा धोंडू व्हायचा आणि परत आला की भाऊच्या धक्क्यावर पुन्हा जयवंत. अंगावरचा सदरा बदलावा तसं ते अंगवळणी पडलं होतं. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली. मग भांडुपला एका रंगाच्या कारखान्यात तो गेटवर वॉचमन लागला, तोही जयवंत म्हणूनच.

एकच मुलगी, प्रेमा. ती गावी जन्मली आणि चौथीपर्यंत गावच्याच शाळेत शिकली. शाळेत घालताना मास्तरांनी बापाचं नाव विचारलं. नातीला खोट्या बापाचं नाव लावायला म्हाताऱ्याची जीभ वळली नाही. 'प्रेमा धोंडू राऊळ' असं मास्तरांनी लिहिलं आणि तेच नाव पुढे मुंबईतल्या शाळेत, नर्सिंगच्या दाखल्यावर आणि शेवटी अमेरिकेपर्यंत गेलं. गावचा कागद आणि मुंबईचा कागद यांची कधी गाठ पडेल असं कुणालाच वाटलं नाही.

प्रेमा संपाच्याच वर्षी नर्स म्हणून अमेरिकेला गेली. टोपेका नावाच्या गावाला. कॅन्सस नावाच्या राज्याची ती राजधानी. लग्न तिने केलं नाही. संपाच्या काळात घर चाललं ते तिच्यावर. दर रविवारी ती कारखान्याच्या गेटवरच्या केबिनमध्ये फोन करायची. मॅनेजर भला माणूस होता, त्याची हरकत नसे.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत एकदा तिचा फोन भलत्याच वारी आला.

"बाबा, बसून बोला," प्रेमा म्हणाली. "माझ्या किडन्या गेल्यात. दोन्ही. आठवड्यातून तीनदा मशीनवर बसते, रक्त धुवून घेते."

धोंडूला आधी काही समजलंच नाही. "तू तर दुसऱ्यांची सेवा करतेस ना?"

"हो. आता दुसरे माझी करतात." ती हसली, पण हसू पुरतं फुटलं नाही. "डॉक्टर म्हणतात, रक्ताच्या माणसाने एक दिली तर उत्तम. आईला साखर आहे, तिची चालणार नाही."

"मग माझी घे."

"अशी फोनवरून नाही घेता येत, बाबा. इकडे यावं लागेल."

"येतो," धोंडू म्हणाला. भांडुपहून मुलुंडला जायचं असावं तसं.

सांगितलेल्या तपासण्या त्याने घाटकोपरच्या एका डॉक्टरकडे करून घेतल्या. नमुने कुठे कुठे पाठवले गेले, उत्तरं आली. डॉक्टरने कागद वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "छान जुळतंय. विडी ओढता का?"

"सोडली."

"कधी?"

"दिवाळीत. फोन आला तेव्हा."

मग टोपेकाची तयारी सुरू झाली. मुलुंडच्या वाचनालयात जाऊन त्याने नकाशाचं मोठं पुस्तक मागितलं. अमेरिका दोन पानांवर पसरली होती आणि टोपेका बरोबर शिवणीत, दोन्ही पानांच्या मध्ये. कुठल्याही बाजूने समुद्र लांब. तो समुद्राकाठचा माणूस. इतक्या आत लोक कसे राहतात, याचं त्याला आश्चर्य वाटलं. पुढच्या रविवारी त्याने प्रेमाला विचारलंही. ती म्हणाली, "इथे गव्हाचा समुद्र आहे, बाबा. शिवाय नदी आहे. राज्याच्या कचेरीवर तांब्याचा मोठा घुमट आहे, हिरवा पडलेला. तुम्ही आलात की दाखवीन. पण थंडीचे कपडे आणा. इथली थंडी हाडात शिरते."

कारखान्याच्या ड्रायव्हरने आपला जुना कोट दिला. मालनने लोकरीची टोपी विणायला घेतली. सोबत काय न्यायचं यावर नवरा-बायकोची रोज जुंपायची. मालन म्हणायची सोलं द्या, सुके बांगडे द्या, पोरीच्या तोंडाला चव येईल. प्रेमाने कळवलं होतं की मीठ बंद, मासे बंद, पाणीसुद्धा मोजून. "मग खाते काय ती?" मालन विचारायची आणि उत्तर नको म्हणून स्वतःच चुलीकडे वळायची.

चाळीत खालच्या मजल्यावर अंबादास राहायचा. गिरणीतला जुना सोबती. धोंडूची खरी हकिगत नाहुरात त्याला एकट्यालाच ठाऊक होती. तो संध्याकाळी कट्ट्यावर बसून चिडवायचा.

"टोपेका? नावातच टोपी आहे रे. बघ, घालतील तुला."

"टोपी मालन विणतेच आहे."

"आणि मूत्रपिंड देणार कोण? जयवंत की धोंडू? मेल्या, स्वतःच्या वर्षश्राद्धाला वडे खाल्लेला माणूस तू. त्यांना सांग, मेलेल्याचं आहे, जपून लावा."

धोंडूही हसला. खरं तर ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. विमान, थंडी, ऑपरेशन, सगळ्याचा विचार त्याने केला होता. नावाचा केला नव्हता.

तो केला चंद्रप्रकाशने. मुलुंडला पाच रस्त्याजवळ प्रवासाची कामं करून देणारी एक कचेरी होती, तिथला हा पोरगेला कारकून. बोलायला फटकळ, पण कामाचा. फॉर्म भरता भरता तो थांबला.

"काका, पेशंट प्रेमा धोंडू राऊळ. तुम्ही जयवंत. मग धोंडू कोण?"

"मी."

"आणि जयवंत?"

"तोही मीच." धोंडूने आजूबाजूला पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. बोलायला फार वेळ लागला नाही. चौतीस वर्षांची गोष्ट चहा गार व्हायच्या आत संपली.

चंद्रप्रकाशने पेन खाली ठेवलं. "वाट लागली, काका. धोंडू नावाचा पासपोर्ट काढायला गेलो तर पोलीस गावात विचारणार. गावात धोंडू मेलेला. मेलेल्याच्या नावावर पासपोर्ट मागतो म्हणून तुम्हालाच उचलतील."

"मग रे?"

चंद्रप्रकाशने डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "जयवंत म्हणूनच जा ना! प्रेमाचे काका. वडील वारले, सख्खा चुलता किडनी देतोय. चुलत्याची पण चालते. कागद सगळे बरोबर, एक पण खोटा नाही."

त्या रविवारी धोंडूने प्रेमाला ते सांगितलं. हॉस्पिटलच्या पत्रात आता वडिलांच्या जागी काका लिहून घ्यायचं होतं. तारेत नुसती खरखर ऐकू येत राहिली.

"प्रेमा? ऐकतेस ना?"

"ऐकते. बाबा, मी तुम्हाला काका म्हणू?"

"कागदावर फक्त. मी तर कागदावर कोण कोण झालोय."

"ठीक आहे," ती म्हणाली. "या म्हणजे झालं."

जयवंतच्या नावाने पासपोर्ट आला. पाळीवर असताना केबिनमध्ये कुणी नसलं की धोंडू समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून इंग्रजी घोकायचा. आधी 'आय ॲम प्रेमाज फादर' पाठ केलं होतं. ते जिभेवर इतकं बसलं होतं की 'अंकल' म्हणायला रोज नव्याने जोर लावावा लागे.

डिसेंबरात वकिलातीत मुलाखत झाली. काचेपलीकडे एक तरुण गोरा अधिकारी होता आणि त्याच्या शेजारी दुभाषी म्हणून एक मराठी बाई. अधिकारी नीट बोलत होता, घाई करत नव्हता. काय काम करता, घरी कोण असतं, परत कधी येणार, सगळी उत्तरं धोंडूने ठाकठीक दिली. इंग्रजीची वेळच आली नाही.

"मुलीचे वडील का जात नाहीत?" बाईने विचारलं.

"वारले." हे त्याने इतक्या वेळा घोकलं होतं की सहज निघालं.

"कधी?"

हे चंद्रप्रकाशने घोकून घेतलं नव्हतं. पण धोंडू कधी मेला हे धोंडूइतकं कुणाला ठाऊक असणार? "बावन्न साली," तो म्हणाला. "शिमग्यात."

बाईने ते इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्याने समोरचा कागद उलटला, पुन्हा सुलटा केला आणि काहीतरी हळू आवाजात विचारलं. बाई धोंडूकडे वळली.

"काका, मुलीचा जन्म सत्तावन्नचा आहे."

धोंडूचे हात काचेखालच्या फळीवर होते. ते त्याने काढून घेतले.

"खरं काय ते सांगा," बाई म्हणाली. "सांगून टाका. मी नीट सांगेन त्यांना."

त्याने सांगितलं. पास, पाटील, पाठीवरचा हात, सगळं. बाईने खरंच नीट सांगितलं असणार, कारण अधिकारी पुढे वाकून ऐकत होता. मग त्याने जे सांगितलं ते बाईने मराठीत केलं. "ते म्हणतात, मला तुमचं खरं वाटतं. पण तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेही मला खरंच वाटलं होतं. तुम्ही वडील आहात असा कागद घेऊन या."

बाहेर चंद्रप्रकाश उभा होता. धोंडूने चालता चालता त्याला सगळं सांगितलं. दोघं स्टेशनपर्यंत चालत आले आणि मग चंद्रप्रकाशने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "साल विचारतील हे माझ्या टाळक्यात यायला पाहिजे होतं, काका."

त्याच्याच ओळखीने ते कुर्ल्याच्या कोर्टातल्या एका वकिलाकडे गेले. वकिलाने सगळं ऐकून घेतलं. "जिवंत माणसाला जिवंत करणं सोपं नसतं," तो म्हणाला. "आधी त्या साली मेला तो जयवंत होता, हे शाबीत करायला हवं. ते कोण सांगणार? पाटील?"

"पाटील गेला. त्याचा मुलगा कुंडलिक आता पाटील आहे. तो मदत करील, पण तो तेव्हा पाळण्यात होता."

"जयवंतला बायको होती?"

"आहे."

"मग तिने येऊन प्रतिज्ञापत्र करायचं. की माझा नवरा जयवंत, तो बावन्न साली मयत झाला. त्याच्या जोरावर तहसीलमध्ये नोंद दुरुस्त होईल. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याला अर्थ नाही."

धोंडू तिथून उठला तेव्हा त्याला जिना दिसेना.

जानकी गावातच होती. त्या घरात, त्याच पडवीत. धोंडू जयवंतच्या नावाने दर महिन्याला तिला मनिऑर्डर करायचा आणि ती अंगठा उठवायची. तिने काच भरलेले हात चौतीस वर्षं वागवले, कपाळावर रोज कुंकू लावलं. पण गावाला खरं ठाऊक होतं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या ओटीत तिला पुढे बोलावत नसत. विधवा म्हणून दुसरीकडे पाट लावायचीही सोय नव्हती, कारण नवरा होता. सासऱ्याने एका सकाळी तिला जिथे उभं केलं, तिथेच ती म्हातारी झाली.

कुंडलिक तिला एस.टी.ने घेऊन आला. 'प्रेमा आजारी आसा, भावजींनी बोलावल्यानी' एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. बाकीचं सांगायचं धोंडूवर होतं. जानकी नाहूरच्या खोलीत आली, मालनच्या हातचं पाणी प्यायली आणि प्रेमाचा फोटो मांडीवर घेऊन बसली. धोंडू दोनदा बोलायला म्हणून जवळ गेला आणि दोन्ही वेळा पाळीला उशीर होतोय म्हणून निघून गेला.

दिवस संक्रांतीचे होते. शेजारच्या सुगंधाकडे हळदीकुंकू होतं. गावची जाऊ आलीय म्हटल्यावर ती स्वतः दारात येऊन बोलावून गेली. तिला काय माहीत? तिने कपाळावरचं ठसठशीत कुंकू पाहिलं, तेवढंच. मालनने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. जानकी उठली आणि नवं लुगडं नेसून गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात तिळगूळ होता, वाण म्हणून मिळालेली प्लॅस्टिकची चहाची गाळणी होती. कपाळभर हळद. "माका पयल्या पाटार बसवल्यानी," ती मालनला म्हणाली. "सगळ्यांत वडील म्हणान." तिने गाळणी पदराने पुसली आणि फळीवर नीट ठेवली.

धोंडूला त्या दिवशीही बोलता आलं नाही. सांगितलं ते मालनने, दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकऱ्या थापता थापता, मान वर न करता.

जानकी ऐकत राहिली. मग तिने धोंडूकडे पाहिलं. "म्हंजे भावजी, माका आता कोर्टात जावन रांडाव व्हयाचा?"

धोंडूने मान खाली घातली. "वैनी, माझ्या तोंडून निघेना."

"तेवा तुमच्या बापाशीच्या तोंडातसून बरा निघाला." तिचा आवाज चढला नाही. "बांगड्यो फोडू नको म्हटल्यानी. रडा नको म्हटल्यानी, गिरणीक कळात. घोव गेलो तेवा माका रडूक पण गावला नाय. इहिरीर जावन, घागर बुडवन, त्या आवाजात रडलंय. कोणी इचारल्यान? तुमी इचारल्यात?"

"नाही."

चुलीवरची भाकरी करपली. मालनने ती तशीच उचलून बाजूला ठेवली.

"चेडवाक बरा वाटात?" प्रेमाच्या फोटोकडे बघत जानकीने विचारलं.

"डॉक्टर म्हणतात वाटेल."

"मगे चला. कित्याक येळ लावतास."

कुर्ल्याच्या कोर्टात कारकुनाने नेहमीच्या सुरात विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव?" तिने उभ्या आयुष्यात ते नाव उच्चारलं नव्हतं. आधी मालनकडे पाहिलं, मग खाली बघून म्हणाली, "जयवंत."

"हयात की मयत?"

"मयत."

"मोठ्याने बोला."

"मयत, मयत," जानकी म्हणाली. "चौतीस वर्सां झाली, बाबा."

वकिलाने कागद फिरवला आणि ओठात हसत धोंडूला म्हणाला, "म्हणजे आजवर या जयवंताला गावात एक बायको आणि मुंबईत एक. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी केस लढवली असती." कुणीच हसलं नाही तेव्हा त्याने घाईघाईने शिक्का मागितला.

बाहेर आवारात एक नळ होता. जानकी तिथे थांबली. तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं. सुगंधाने लावलेली हळद अजून केसांच्या मुळाशी होती, तीही खरवडून काढली. मग एकेक बांगडी उतरवली. न फोडता. हात वाळलेले होते, त्यामुळे त्या सहज निघाल्या. सगळ्या तिने नळाच्या कठड्यावर ठेवल्या. मालनला हुंदका फुटला.

"तू कित्याक रडतंस गो?" जानकी म्हणाली. "माझो घोव. रडयन तर मी रडयन."

ती कुंडलिकबरोबर परत गेली. त्याने नंतर निरोप धाडला, की घरी पोचल्यावर वैनींनी दहा दिवस सुतक धरलं, जयवंताचं. दार लावून घेतलं आणि मोठमोठ्याने रडल्या. वाडीतल्या बायकांना आधी कळेचना कोण गेलं.

कुंडलिक प्रतिज्ञापत्र घेऊन तहसीलच्या खेपा घालत होता. आज साहेब दौऱ्यावर, उद्या कारकून रजेवर. इकडे रविवारचे फोन आखूड होत चालले. प्रेमा म्हणायची, ठीक आहे. धोंडू म्हणायचा, आता थोडंच राहिलं. दोघंही एकमेकांना थंडीबद्दल विचारायचे. एका रविवारी तिने मध्येच विचारलं, "काकींना माझ्यापायी किती सोसावं लागलं ना, बाबा?" त्याला ते कुणी कळवलं होतं ते समजलं नाही. मालननेच पत्रात लिहवून घेतलं असणार.

"तुझ्यापायी नाही," तो म्हणाला. "ते आमचं होतं."

फेब्रुवारीच्या शेवटी फोन आलाच नाही. पुढच्या रविवारी आला तो प्रेमाचा नव्हता. जया नावाची तिच्याच घरात सोबत राहणारी नर्स होती, मूळची बोरिवलीची. मशीनच्या नळीतून रक्तात जंतू गेले होते. ताप उतरला, पुन्हा चढला. जया म्हणाली, "काका, ती झोपून आहे. तुमचा आवाज ऐकवते," आणि फोन तिच्या कानाशी धरला. केबिनच्या काचेबाहेर रंगाचे डबे ट्रकमध्ये चढत होते.

"प्रेमा, मी येतोय," तो म्हणाला. "कोट मिळालाय. टोपी झालीय विणून. कोटाला मोठे खिसे आहेत."

तो तसाच बोलत राहिला. कोटाचा रंग सांगितला, बटणं सांगितली. फोन कधी बंद झाला ते त्याला कळलं नाही.

ती तीन दिवसांनी गेली. गावाहून तहसीलचा कागद आला तो त्याच महिन्यात. त्यात लिहिलं होतं की धोंडू राऊळ हयात असून त्याच्या मृत्यूची नोंद चुकीने झाली होती. धोंडूने तो वाचला आणि मालनच्या हातात दिला. मालनला वाचता येत नव्हतं. तिने तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि गादीखाली सरकवला. चंद्रप्रकाश मध्ये एकदा येऊन गेला. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. अंबादास मात्र रोज यायचा. त्याने चिडवणं सोडलं होतं. तो नुसता कट्ट्यावर शेजारी बसून राहायचा.

तिकडचे विधी जयाने आणि हॉस्पिटलातल्या चार जणींनी उरकले. जया उन्हाळ्यात सुटीवर येणार होती, तिने कळवलं की अस्थी मी घेऊन येते. सहारला विमान पहाटे उतरलं. बाहेर धोंडू आणि मालन लोखंडी कठड्याला धरून उभे होते. लोक बाहेर येत होते, गळ्यात पडत होते, सामानावरून भांडत होते. जयाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि तिनेही त्यांना. पण ती थेट त्यांच्याकडेच आली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती, ती तिने विमानात मांडीवरच ठेवली होती म्हणे.

"प्रेमाचे बाबा ना?" ती म्हणाली.

"हो," धोंडू म्हणाला.

तिने पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली आणि त्याने दोन्ही हातांनी घेतली. मालनने पिशवीवर हात ठेवला, काढला नाही.

टॅक्सी मिळेपर्यंत ती तिघं दिव्याच्या खांबाखाली उभी राहिली. जयाला न्यायला आलेला तिचा भाऊ टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत होता. थोड्या वेळाने धोंडूने विचारलं, "ती राहायची ते घर कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या," जया म्हणाली.

"जिना चढवायचा तिला?"

"लिफ्ट होती, काका."

"आणि हॉस्पिटल? चालत जाण्यासारखं?"

"बसने जायचो. थांबा घरासमोरच होता. थंडीत ती मला सोडून पुढे पळायची, जागा पकडायला."

"खिडकीतून तो घुमट दिसायचा का? तांब्याचा?"

"स्वयंपाकघरातून दिसायचा. झाडांची पानं गळली की." जया थांबली, तिने मालनकडे पाहिलं आणि मग पुन्हा धोंडूकडे. "तुमच्यासाठी तिने खाट त्या खिडकीशी लावून घेतली होती. म्हणायची, बाबांना लवकर जाग येते, पडल्या पडल्या बघतील."

टॅक्सी पुढे आली. धोंडू पिशवी पोटाशी धरून आत बसला. "नदी कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं. जया शेजारी बसली, तिने हाताने दाखवलं आणि ती टोपेका अगदी पहिल्यापासून सांगू लागली.